स्वव्यवस्थापनाचे नवे स्तोम

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपल्यावर नेहमीप्रमाणे सूचना वाचण्यात आल्या. विवाहांच्या घोषणा झाल्या, दफनभूमीच्या साफसफाईची तारीख सांगून झाली आणि शेवटी असे जाहीर करण्यात आले, की त्याच दिवशी दुपारी तीन वाजता धर्मग्रामाच्या सभागृहात ‘स्वतःचे व्यवस्थापन : नोकरीत आणि जीवनात यशस्वी होण्याचा मार्ग’ या विषयावर तरुणांसाठी शिबिर होणार आहे. शुल्क पाचशे रुपये; त्यात चहा, बटाटावडा आणि एक फाईल. आम्ही तरुण नाही, आणि यशस्वी होण्याचे आमचे वयही उलटून गेले आहे. तरीही शेजारच्या एका मुलाने आग्रह केला म्हणून गेलो. त्या दुपारी जे ऐकले, ते पचवण्यात काही महिने गेले. पचले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

व्याख्याते मुंबईहून आलेले होते. वाणी गोड, पोशाख नीटनेटका, आणि भाषणाचा आरंभ एका ठसठशीत वाक्याने : तुम्ही प्रत्येक जण एक कंपनी आहात आणि त्या कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर तुम्हीच आहात. सभागृहात सुमारे ऐंशी मुलेमुली होती. कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी कॉल सेंटरमध्ये, कोणी दुचाकीवरून घरोघर पार्सले पोहोचवणारा. खराखुरा मॅनेजिंग डायरेक्टर यांतल्या बहुतेकांनी फोटोतच पाहिला असेल. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाच्या हाती एक तक्ता आला. आठवड्याचे १६८ तास, म्हणून १६८ चौकोन. कामाचे चौकोन हिरवे करायचे, झोपेचे निळे आणि वाया जाणारे लाल. लाल चौकोन म्हणजे कंपनीची गळती. गळती थांबवली की नफा आलाच.

आमच्या पुढच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. तो म्हणाला, “सर, मी पहाटे पाच चाळीसला घर सोडतो, रात्री साडेनऊला परत येतो. जाऊन-येऊन रोज चार तास रस्त्यात आणि गाडीत जातात. हे चौकोन कोणत्या रंगाचे करू?” प्रश्न सरळ होता. विरार ते चर्चगेट हे ६० किलोमीटरचे अंतर ज्याने कधी उभ्याने कापले आहे, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. व्याख्याते हसून म्हणाले, “गाडी तुमच्या प्रभावाच्या वर्तुळात नाही. गाडीतला तुमचा मूड मात्र आहे. कानाला लावा आणि यशस्वी माणसांची चरित्रे ऐका. लाल चौकोन हिरवे होतील.” सभागृह हसले. तो मुलगाही हसला आणि खाली बसून त्याने ते उत्तर फाईलमध्ये उतरवून घेतले.

आम्हाला आग्रहाने नेणारा शेजारचा मुलगा मात्र हसला नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती. तो ज्या विभागात काम करी तो विभागच कंपनीने मुंबईतून हलवला; चाळीसएक जणांना एकाच दिवशी पत्रे मिळाली. बाहेर पडल्यावर फाटकाशी उभा राहून तो आम्हाला म्हणाला, “अंकल, चूक माझीच आहे. मी स्वतःला नीट मॅनेज केलं नाही.”

वाचकहो, हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. चाळीस माणसांना घरी पाठवण्याचा निर्णय कुठल्याशा दूरच्या कार्यालयात चौघांनी घेतला. त्या चौघांची नावेही या मुलाला ठाऊक नाहीत. आणि दोष स्वतःच्या माथी घेऊन तो घरी जातो, तेही पाचशे रुपये मोजून! पूर्वी नोकरी गेलेला माणूस निदान मालकाला चार शिव्या देत असे. ते सभ्यपणाचे नव्हते, पण ती शिवी योग्य पत्त्यावर पडत होती.

येथे कोणी म्हणेल, की आपल्या समाजाला शिस्तीची गरज नाही काय? आहे, निश्चित आहे. कर्ज काढून होणाऱ्या लग्नांविषयी, दारूच्या गुत्त्यात जिरणाऱ्या पगारांविषयी आम्ही पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. वेळेवर उठावे, हिशेब ठेवावा, दिलेला शब्द पाळावा, हे सांगणारा वैरी नसतो. परंतु हे शिकायला आमच्या लोकांना फाईल लागली नव्हती. पहाटे तीनला उठून फुलांच्या नि भाजीच्या पाट्या भरायच्या आणि पहिल्या गाडीने दादर गाठायचे, हे ज्या बायकांनी जन्मभर केले, त्यांच्या वेळेच्या व्यवस्थापनात कोणता मॅनेजर खोट काढणार आहे? शिस्त जुनीच आहे. माणसाने स्वतःकडे कंपनी म्हणून पाहावे आणि आपल्या सर्व सुखदुःखांचा एकमेव जबाबदार म्हणून स्वतःलाच धरावे, ही शिकवण नवी आहे. आमचे भांडण तिच्याशी आहे.

तशी तिचीही वंशावळ आहे. अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाने आपल्यासाठी तेरा सद्गुणांची यादी केली. एक छोटी वही घेतली, प्रत्येक सद्गुणाला एक पान दिले, तांबड्या शाईने आठवड्याच्या सात वारांचे रकाने आखले आणि जेथे जेथे चुकले तेथे काळा ठिपका दिला. जुने ठिपके खरवडून नव्या फेरीसाठी जागा करता करता वहीच्या पानांना भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पाने वापरायला सुरुवात केली. ओल्या स्पंजाने पुसता येतात म्हणून! हा गृहस्थ विनोदी होता आणि प्रामाणिकही. नीटनेटकेपणाचा सद्गुण आपल्याला अखेरपर्यंत साधला नाही, हे त्याने आत्मचरित्रात मान्य केले आहे. शिवाय असेही नोंदवले आहे, की ज्याचा वेळ त्याच्याच हाती आहे अशा माणसाला वेळापत्रक पाळता येईल. ज्याच्याकडे लोक त्यांच्या सोयीने येतात, त्याला ते काटेकोरपणे पाळणे शक्य नाही. आमच्या व्याख्यात्यांनी फ्रँकलिनचे नाव दोनदा घेतले. ही कबुली मात्र त्यांच्या वाचनातून निसटलेली दिसते. पाच चाळीसला घर सोडणाऱ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तीत होते.

दुसरा पूर्वज फ्रेडरिक टेलर. ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचे त्याचे पुस्तक १९११ साली निघाले. त्यात एका पोलाद कारखान्यातील मजुराची कथा तो मोठ्या अभिमानाने सांगतो. हा मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलून गाडीत भरत असे. हातात घड्याळ घेतलेला माणूस त्याच्या शेजारी उभा करण्यात आला. तो सांगेल तेव्हा उचलायचे, तो सांगेल तेव्हा चालायचे, तो सांगेल तेव्हा बसायचे. मजूर दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली. वाचकांनी हिशेब करून पाहावा : काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून किंचित अधिक. एवढे मात्र म्हणायला हवे, की त्या मजुराला घड्याळवाला दिसत तरी होता. आजच्या विद्येची खुबी अशी, की घड्याळवाल्याचा पगार वाचला. लोखंड उचलणारे आपणच आणि घड्याळ धरणारेही आपणच. फोन आपली पावले मोजतो, झोप मोजतो, पडद्यावर घालवलेली मिनिटे मोजतो, आणि रात्री आपण स्वतःलाच ताकीद देऊन झोपतो.

तिसरे नाव पीटर ड्रकर यांचे, आणि त्यांच्याविषयी जपून लिहिले पाहिजे. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेला आणि २००५ साली अमेरिकेत निवर्तलेला हा विद्वान व्यवस्थापनशास्त्राचा पितामह मानला जातो. ‘स्वतःचे व्यवस्थापन’ हा त्यांचा लेख १९९९ साली हार्वर्डच्या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आजही शिबिराशिबिरांतून त्याचे तुकडे वाटले जातात. लेख उथळ नाही. आपले बलस्थान कोणते, आपण वाचून शिकतो की ऐकून, आपली मूल्ये संस्थेच्या मूल्यांशी जुळतात की नाही, असे चांगले प्रश्न त्यात आहेत. त्यांनी सुचवलेली मुख्य रीत अशी : महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय निष्पन्न व्हावे अशी अपेक्षा आहे ते लिहून ठेवा आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहा. आणि ही रीत कोणाची म्हणून ते सांगतात? चौदाव्या शतकातल्या एका अप्रसिद्ध जर्मन ईशज्ञान्याची, जिचा पुढे दीडशे वर्षांनी जॉन कॅल्व्हिन आणि इग्नेशियस लोयोला या दोघांनी स्वतंत्रपणे अंगीकार केला. जर्मन ईशज्ञान्याचे नाव ते देत नाहीत. रात्री स्वतःची झडती घेण्याची चाल तर त्याहून कितीतरी जुनी. पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेनेका ती पाळत होता. ते असो. संत इग्नेशियसचे नाव घेतले गेल्यामुळे हा विषय आमच्या अंगणात आला आहे. व्यवस्थापनाच्या बाजारात आमच्याच घरातली वस्तू विकायला ठेवलेली असेल, तर ती मूळ वस्तूच आहे काय, हे तपासण्याचा अधिकार आम्हाला आहे.

प्रथम जे कबूल करायचे ते करू. इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’त तक्ता आहे! या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली, आणि त्यात विशिष्ट दोषाच्या तपासणीसाठी प्रत्येक दिवसाच्या रेघा आखायला सांगितले आहे. दुपारी आणि रात्री, दोन वेळा स्वतःला विचारायचे, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके द्यायचे, मग आजचे ठिपके कालच्याशी आणि या आठवड्याचे गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचे. तेव्हा मोजणे हा काही यांत्रिक युगाचाच दोष, असे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही. मोजण्याची सवय आमच्याही घरची आहे.

परंतु त्याच पुस्तकातल्या सर्वसाधारण तपासणीच्या पाच पायऱ्या पाहाव्यात. पहिली पायरी हिशेबाची नाही. मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानायचे, ही पहिली. आपले पाप ओळखता यावे म्हणून कृपा मागायची, ही दुसरी. कारण आपले आपल्याला ते धड दिसत नाही, हे गृहीत आहे. तिसऱ्या पायरीवर तासातासाचा हिशेब येतो. चौथीवर क्षमायाचना आणि पाचवीवर सुधारणेचा संकल्प. ड्रकर यांनी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या नावाने शिबिरे भरवणाऱ्यांनी, या पाचांतली तिसरी आणि पाचवी उचलली. आभार गळाले, प्रकाशाची याचना गळाली, क्षमा गळाली. मागे उरली ती वही, आणि वहीसमोर एकटा बसलेला माणूस.

क्षमा वगळली तर वहीचे काय होते, हे इग्नेशियसइतके कोणाला ठाऊक असणार? १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला हा महत्त्वाकांक्षी सरदारपुत्र पुढच्या वर्षी मान्रेसा गावी येऊन राहिला. तेथे त्याला शंकाकुशंकांनी ग्रासले. पापनिवेदन करून आला, की काही राहिले असे वाटे. पुन्हा जाई, पुन्हा तेच. बारीकसारीक चुका आठवून आठवून तो इतका थकला, की आपल्या खोलीतल्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा, असा विचार त्याच्या मनात येऊ लागला. हे त्याने स्वतःच पुढे सांगून लिहवून घेतले आहे. अखेर त्याने जुन्या पापांचा तो पाढा पुन्हा निवेदन न करण्याचा निश्चय केला आणि त्यातून सुटला. म्हणूनच ‘साधने’त शंकाकुशंकांविषयी सावधगिरीची वेगळी टिपणे आहेत. ज्याने तक्ता दिला, त्याने तक्त्याचे विषही चाखले होते. शिबिराच्या फाईलमध्ये तक्ता आहे, विषाविषयी एक ओळ नाही. आपली चूक नसताना ‘चूक माझीच’ म्हणत फाटकाशी उभा राहिलेला मुलगा त्याच वाटेवर आहे. फरक एवढाच, की त्याला निवेदन ऐकून घेऊन ‘जा, शांतीने जा’ असे म्हणणारा कोणी नाही.

आम्ही हे तटस्थपणे लिहीत आहोत, असा वाचकांचा समज होऊ नये. शिबिरातून आणलेला तक्ता आम्हीही सहा आठवडे भरला. जिज्ञासा म्हणा किंवा म्हातारचळ म्हणा. आमच्या मातोश्री नव्वदीच्या आहेत. ‘मातेशी संभाषण, पंधरा मिनिटे’ असा चौकोन आम्ही सायंकाळच्या प्रार्थनेनंतर ठेवला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, “कुठे जायचंय का रे तुला? सारखा घड्याळाकडे बघतोस.” आम्हाला कुठेच जायचे नव्हते. तक्त्यात तो चौकोन मात्र त्या दिवशी हिरवा झाला.

त्या दुपारी शुभवर्तमानाचाही आधार घेण्यात आला. आभारप्रदर्शन करणाऱ्या आमच्याच एका बंधूंनी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील टॅलेंटचा दाखला सांगितला आणि देवाने दिलेल्या गुणांवर ‘रिटर्न’ मिळवलाच पाहिजे, असा निष्कर्ष काढला. त्यांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. पण टॅलेंट म्हणजे अंगचे कौशल्य, हा अर्थ इंग्रजी भाषेत याच दाखल्यावरून नंतर रूढ झाला. मुळात ते चांदीचे वजन. एका टॅलेंटचे सहा हजार दिनार होत, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे, की दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हाती म्हणजे सहा हजार दिवसांची मजुरी होती, आणि ती सगळी धन्याची होती. चाकर स्वतःच्या भांडवलावर धंदा करणारा मालक नव्हता. शिवाय पान उलटायच्या आधीच, त्याच अध्यायात, पुढचा प्रसंग येतो : राजा सिंहासनावर बसला आहे आणि लोकांना विचारणा होत आहे. भुकेल्याला जेवू घातलेत काय, परक्याला घरात घेतलेत काय, तुरुंगातल्याला भेटलात काय. तेथे यशाचा रकाना नाही. आणि गंमत अशी, की उजवीकडच्यांनाही आपण हे केव्हा केले ते आठवत नाही. त्यांनी नोंद ठेवलेली नव्हती. आमच्या बंधूंनी अध्याय मध्येच सोडला नसता तर बरे झाले असते.

आता त्या प्रभावाच्या वर्तुळाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. हे वर्तुळ स्टीव्हन कव्ही यांच्या १९८९ सालच्या, सात सवयींवरच्या प्रख्यात पुस्तकातून आलेले आहे. आपल्याला चिंता वाटणाऱ्या गोष्टींचे एक मोठे वर्तुळ आणि ज्यांवर आपला प्रभाव चालतो अशांचे एक लहान वर्तुळ. शक्ती लहान वर्तुळात खर्च करा, म्हणजे ते वाढत जाईल, असे कव्ही म्हणतात. वाढत जाईल, हा भाग शिबिरात पोहोचेपर्यंत गळून पडतो. खाली उरते ते एवढेच : गाडी तुझ्या वर्तुळात नाही, पाळी तुझ्या वर्तुळात नाही, कंत्राट तुझ्या वर्तुळात नाही, तुझा मूड सांभाळ.

मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना हे १८८४ साली कोणी सांगितले असते, तर काय झाले असते? त्या काळी गिरणीत ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि यंत्रे साफ करायची असतील किंवा सण असेल तेव्हाच काय ती उसंत. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्यांत पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एकट्या कामगाराच्या वर्तुळात रविवार कधीच नव्हता. साडेपाच हजार लहान वर्तुळे एकमेकांना लागली, तेव्हा तो आत आला.

आपण ख्रिस्ती लोक रविवार आपलाच समजतो. मुंबईच्या श्रमिकाला तो मिळाला, तो मात्र कोणा धर्मगुरूच्या प्रवचनामुळे नव्हे. खंडोबाचा वार म्हणूनही रविवार मागणाऱ्या एका सत्यशोधकाच्या खटपटीने मिळाला, हे कृतज्ञतेने लक्षात ठेवावे. पोप तेरावे लिओ यांचे श्रमिकांविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक त्यानंतर अकरा महिन्यांनी, १५ मे १८९१ रोजी निघाले. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, कुटुंब पोसेल इतकी मजुरी न्याय्य आहे आणि विश्रांतीचा दिवस हिरावून घेता येत नाही, हे त्यात ठामपणे सांगितले आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण दिली. आणि आम्ही काय करीत आहोत? त्याच रविवारी दुपारी, आपल्याच सभागृहात, आपल्या मुलांना बसवून सांगत आहोत, की यश-अपयश ही तुझी एकट्याची बाब आहे!

कामाच्या तासांविषयी तर अलीकडे भलतेच बोलले जाऊ लागले आहे. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे उद्गार गाजले, आणि त्यांत रविवारीही काम करवून घेता येत नसल्याची खंत होती. ९० सोडा, ७० चाच हिशेब त्या तक्त्यावर मांडू. १६८ तासांतून ७० वजा. आमच्या मुलाचे प्रवासाचे चार तास रोज, सहा दिवसांचे २४ वजा. रोज सात तास झोप धरली तर ४९ वजा. उरले २५. दिवसाला साडेतीन तास. त्यांत आंघोळ, जेवण, बाजार, आजारी बाप, शाळेत जाणारे पोर, बायकोशी दोन शब्द, मिस्सा आणि मयतीला जाणे. या २५ तासांचे कसेही व्यवस्थापन केले तरी ते २५ च राहतात. ७० चे ४८ करणे आणि २४ चे १२ करणे या दोनच गोष्टींनी ते वाढतील, आणि दोन्ही गोष्टी त्या फाईलच्या बाहेरच्या आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, ती काही कामगारांनी सकाळी लवकर उठण्याची सवय लावून घेतली म्हणून नव्हे.

यावर आम्हाला असे विचारले जाईल, की मग मुलांनी हातावर हात ठेवून सरकारची वाट पाहावी काय? आम्ही असे कोठे म्हटले? आपल्या वसईतल्या पतपेढ्या, सहकारी बँका, शाळा, भाजीपाला आणि फुले एकत्र बाजारात नेण्याची व्यवस्था, यांतले काही कोणा एकट्याने स्वतःला सुधारून उभे केलेले नाही. हाती काही नसलेल्या माणसांनी शेअरचे दहा-दहा रुपये गोळा करून ते उभे केले. ही माणसेही शिस्तीचीच होती. पण रात्री अकरापर्यंत चाललेल्या त्यांच्या बैठकांचे तास त्या तक्त्यात लाल रंगाने रंगवावे लागले असते.

आमच्या धर्मगुरूंना आम्ही हे सर्व भेटून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग तुमचं काय म्हणणं आहे, सभागृह बंद ठेवायचं?” मुळीच नाही. उलट आमची विनंती अशी आहे, की ते पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी पुन्हा उघडावे, त्याच वेळेला, बिनशुल्क. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यावे, असे त्यांत सांगितले आहे. आपल्या मुलांपैकी किती जणांकडे ते पत्र आहे? असल्यास त्यात कामाचे तास किती लिहिले आहेत, जादा तासांचे काय, काढून टाकताना किती दिवसांची सूचना आणि किती नुकसानभरपाई? जुने २९ कायदे जाऊन त्यांच्या जागी आलेल्या या संहितांनी कामगाराला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, यावर पुष्कळ मतभेद आहेत. तेही तेथे होऊ द्यावेत. आपल्या समाजात वकील आहेत, निवृत्त युनियन कार्यकर्ते आहेत. त्यांतल्या दोघांशी आम्ही बोललो आहोत आणि दोघेही यायला तयार आहेत. मुलांनी फक्त नेमणूकपत्र आणावे, नसेल तर नोकरी गेल्याचे पत्र आणावे. शेजारचा मुलगा आपले पत्र घेऊन येतो म्हणाला आहे. त्याच्याबरोबर पत्रे मिळालेल्या चाळीस जणांपैकी सहा-सात जण आपल्याच तालुक्यातले आहेत, त्यांचे फोन त्याने जमवले आहेत. चहा आणि बटाटावडा आमच्याकडून.